हलक्या सूटकेससाठी १८,५०० रुपये: दुकानदाराचा हिशेब आणि आपला

डिचोलीहून एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे: “मी आणि पत्नी वर्षातून दोनदा, चवथ झाल्यावर आणि मे महिन्यात, मोपाहून विमानाने बेंगळुरूला मुलाकडे जातो. गेल्या खेपेस माझी बॅग १८ किलो भरली आणि किलोला ६०० रुपये दराने १,८०० रुपये मोजावे लागले. पत्नीची बॅग १२ किलोचीच होती. माझी जुनी सूटकेस रिकामीच ५.४ किलोची असून तिचे एक चाकही निखळले आहे. पणजीतल्या दुकानात ४,८००, ७,००० आणि १८,५०० रुपयांच्या तीन सूटकेस पाहिल्या. त्यांची वजने अनुक्रमे ४.१, ३.२ आणि २.४ किलो आहेत. सर्वांत हलकी घेतल्यास अडीच वर्षांत पैसे वसूल होतात, असे दुकानदाराने कागदावर मांडून दाखवले. ती सहा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घ्यावी का? पुढच्या वर्षी मुलीकडे जर्मनीलाही जायचे आहे.”

सर, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात, ते म्हणजे पत्नीची बॅग १२ किलोचीच होती. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या तिकिटावर माणशी १५ किलो सामान सोडता येते. म्हणजे आपल्या दोघांचे मिळून बरोबर ३० किलो झाले होते, एक किलोही जास्त नव्हते. काउंटरपासून दोन पावले बाजूला होऊन आपल्या बॅगेतले तीन किलो त्यांच्या बॅगेत टाकले असते, तर ते १,८०० रुपये वाचले असते. एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्यांचे वजन एकत्र धरण्याची मुभाही अनेकदा मिळते, पण ती आपण होऊन मागावी लागते. तेव्हा तो भुर्दंड जुन्या बॅगेच्या वजनामुळे बसला, असे मला वाटत नाही; घरातून निघण्यापूर्वी दोन्ही बॅगा वजन करून पाहिल्या नाहीत, म्हणून तो बसला. हातात धरून बॅग लटकवायचा छोटा डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. आपल्या यादीत तो पहिला असावा, सूटकेस त्यानंतर.

आता दुकानदाराचा हिशेब. जुनी बॅग ५.४ किलोची, नवी २.४ किलोची, म्हणजे तीन किलो वाचले. सहाशेच्या दराने एका प्रवासाचे १,८००, वर्षातून जाऊन-येऊन चार प्रवास म्हणजे ७,२०० रुपये, आणि १८,५०० भागिले ७,२०० म्हणजे साधारण अडीच वर्षे. गुणाकार-भागाकार अचूक आहेत, पण गृहीतके दोन ठिकाणी चुकली आहेत. पहिली चूक अशी की बॅगेचे वाचलेले वजन तेव्हाच पैशांत उतरते, जेव्हा बॅग मर्यादेपलीकडे भरलेली असते. बेंगळुरूला जाताना आपल्या बॅगेत उकडे तांदूळ, सोलां, काजू आणि नातवंडांसाठी नेवऱ्या असतात, हे मी न विचारताही सांगू शकते. परतताना मात्र ती निम्मी रिकामी असते. म्हणून चार नव्हे, दोनच प्रवास हिशेबात धरायला हवेत. दुसरी चूक अधिक महत्त्वाची आहे. चाक निखळलेली बॅग आपल्याला बदलायचीच आहे, तेव्हा महागड्या बॅगेची तुलना जुन्या बॅगेशी करून चालणार नाही. तिच्या खालोखालच्या किमतीच्या नव्या बॅगेशी करावी लागेल.

तशी पायरी-पायरीने तुलना करू. ४,८०० ऐवजी ७,००० रुपयांची बॅग घेतली, तर २,२०० रुपये जास्त देऊन ९०० ग्रॅम वाचतात. बॅगा दोन्ही वेळा मर्यादेबाहेर भरतात असे धरले, तरच वर्षाला १,०८० रुपयांची बचत होते आणि दोन वर्षांत वरची रक्कम भरून निघते. हा व्यवहार मला पटतो. ७,००० वरून १८,५०० वर जाताना मात्र ११,५०० रुपये जास्त देऊन वाचतात केवळ ८०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ९६० रुपये. सरळ भागाकाराने ही बारा वर्षे झाली. तीच रक्कम सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत राहिली असती, तर वर्षाला सुमारे ८०० रुपये व्याज मिळाले असते, आणि ते व्याजही हिशेबात धरले की वसुली पंचवीस वर्षांच्याही पुढे जाते. तोवर त्या सूटकेसची चाके शाबूत राहतील, यावर मी पैसे लावणार नाही.

हलकी बॅग उचलायला सोपी जाते, हा मुद्दा उरतो. घरातल्या कपाटावर ठेवताना तो खरा आहे. प्रवासात मात्र आपण बॅग मर्यादेपर्यंत भरणार असाल, तर हलकी असो वा जड, भरलेली बॅग १५ किलोचीच होते. फक्त त्यातले तांदूळ कमी-जास्त होतात. मनगटाला आणि कमरेला आराम देतात ती चाके, दांडा आणि बाजूची मूठ. चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटाने ढकलता येते. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि अंगणातल्या खडीवर मोठ्या दोन चाकांचीच बॅग बरी. दुकानात दांडा पूर्ण बाहेर काढून हलवून पाहा, तो डुगडुगत असेल तर ती बॅग बाजूला ठेवा. घेतलेला काटा सोबत न्या आणि लेबलवरचे वजन तिथेच पडताळून पाहा.

बॅग कशाची बनवली आहे, हेही विचारा. स्वस्त कडक बॅगा बहुधा एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि जोराच्या आदळआपटीत त्यांना तडा जातो. पॉलिकार्बोनेट दबून पुन्हा मूळ आकारात येते, तर पॉलिप्रोपिलीन हलके आणि चिवट असते. सात हजारांची बॅग या शेवटच्या दोनपैकी कशाची असेल, तर नि:शंकपणे घ्या. वॉरंटीच्या कार्डावर मात्र बारकाईने नजर टाका, कारण ती बहुतेक वेळा उत्पादनातील दोषांपुरतीच असते आणि विमानात सामान हाताळताना झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले असते.

जर्मनीच्या प्रवासाने हा हिशेब बदलत नाही. युरोपच्या बहुतेक साध्या तिकिटांवर एका नगाला २३ किलोंची मर्यादा असते आणि त्यापुढे किलोमागे नव्हे, तर नगामागे ठरावीक आकार लागतो. म्हणजे तिथेही काटाच उपयोगी पडेल. लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत असल्याची खात्री मात्र करून घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग फुटून आली, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच काउंटरवर नोंद करून तिची प्रत घ्या. माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करावी लागते. पॉवर बँक नेणार असाल, तर तो हातातल्या बॅगेतच ठेवा. सुके खोबरे कोणत्याही प्रवासात सोडायच्या सामानात भरू नका, तेलामुळे ते ज्वालाग्राही मानले जाते आणि तपासणीत बॅग उघडावी लागते.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल एवढेच सांगते की त्यात व्याज नसते असे नाही. बँक व्याज आकारते आणि तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी किमतीत देते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि असल्यास प्रक्रिया शुल्क आपल्याच माथी येते, शिवाय रोखीची सवलत हातची जाते. सात हजारांसाठी ही उठाठेव कशाला? रोख भावात घासाघीस करा.

राहिले उकडे तांदूळ. चार किलो तांदूळ मर्यादेबाहेर गेले, तर सहाशेच्या दराने त्यांचे भाडेच २,४०० रुपये होते. मुलाला आपल्याच गावचे तांदूळ हवे असतील, तर वर्षातली एक खेप वास्को-यशवंतपूर गाडीने करून पाहा. तिथे थ्री-टियर एसीत माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, आणि जुन्या बॅगेला नवे चाक बसवून घेतलेत, तर त्या खेपेला तीही पुरेल.