समुद्राला नारळ का द्यायचा?

पिल्लू,

परवा फोनवर तू विचारलंस की हर्णैला आजीकडे सगळे नारळी पौर्णिमेचंच बोलतायत, समुद्रात नारळ सोडणार म्हणतायत, आणि आई तर बोटीवरून चॉकलेटचा कागद पाण्यात पडला तरी रागावते, मग नारळ कसा चालतो? आणि आपण बोटीवर, समुद्रातच राहतो तरी आपण कधीच का नाही देत? फोन मध्येच कट झाला, पण प्रश्न मला फार आवडला म्हणून नीट लिहूनच पाठवते, आजीकडून वाचून घे.

मी अजून कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर, बोटी ठेवायच्या यार्डातच आहे. तू आणि बाबा निघालात त्यानंतर बोट क्रेनने पाण्याबाहेर काढली, तळाला चिकटलेले शिंपले घासून काढले, शिडं उतरवून घड्या घालून आत ठेवली, आणि आता ती स्टँडवर उभी आहे, जाड पट्ट्यांनी जमिनीला बांधलेली. इकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हरिकेनचा सीझन. 1 जुलै 2024 ला बेरिल वादळ ग्रेनडाच्या कॅरिआकू बेटावर आलं तेव्हा खारफुटीत आडोशाला बांधून ठेवलेल्या बोटी पण फुटल्या, म्हणून आपण आणखी दक्षिणेला येऊन बोट जमिनीवर ठेवतो आणि याच दिवसात घरी येतो.

आता तू तिथे आजूबाजूला बघ. तिथले नाखवा पण हेच करतात. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, लागली की होड्या वर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या, मोठ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या, आणि पाऊसभर जाळी दुरुस्त करत बसायचं. कारण पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो होडीला सारखा खडकांकडेच ढकलतो, त्यातून बाहेर पडणं फार अवघड, तू बोटीवर वाढलीस म्हणून तुला हे लगेच कळेल. शिवाय याच महिन्यात खूपसे मासे अंडी घालतात. आता सरकारचा नियमच आहे, 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींनी मासेमारी बंद. पण नियम यायच्या कितीतरी आधीपासून कोळी लोक पावसाळ्यात समुद्राला सोडून देत होते. आंग्र्यांच्या आरमाराची गलबतं सुद्धा पावसात खाडीत आणि गोदीत असायची.

मग श्रावण येतो, वारा हळूहळू उतरायला लागतो आणि पौर्णिमेला नारळ देऊन सांगायचं की बाबा रे आता शांत हो, आम्ही येतोय, आमची माणसं सांभाळ. ती कधी ऑगस्टच्या सुरुवातीला येते कधी पार शेवटी, कारण आपलं चांद्रवर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असतं आणि मग मध्येच अधिक महिना येऊन ते भरून काढतो. त्यामुळे काही बोटी बंदी उठली की लगेच निघतात, पण पौर्णिमेआधी होडी काढायची नाही असं मानणारी घरं आहेत आणि मला ती बरोबर वाटतात. घरातली माणसं पाण्यावर जाणार असतात गं, त्या बायका मनापासून हात जोडतात, तू त्यांचे चेहरे बघ त्या दिवशी.

नारळ कचरा नाही. नारळाचं झाडच किनाऱ्यावरचं, त्याचं फळ पाण्यावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागून रुजतं, सोडण, म्हणजे वरचं जाड केसाळ साल, सुद्धा त्यासाठीच असतं. बरेचसे नारळ तर मुलं पोहत जाऊन परत आणतात आणि खातात, त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. प्लास्टिकचं तसं नाही, ते जगात कुठेच समुद्रात टाकायचं नाही हा सगळ्या बोटींना नियम आहे आणि तो मी तुझ्याकडून पाळून घेणारच. तिथे काही जण नारळाला चमकी, प्लास्टिकची फुलं लावतात, ते मला अजिबात पटत नाही.

आणि आपण का नाही देत, तर खरं सांगायचं तर आपण विम्याचा कागद आणि हवामानाचा अंदाज बघून निघतो. ते हवंच, ते सोडणार नाही. पण एवढे महिने ज्याच्या अंगाखांद्यावर राहतो त्याला निघताना दोन शब्द बोलावेत असं मला मनापासून वाटतं. तेव्हा डिसेंबरात बोट परत पाण्यात उतरवू त्या दिवशी इथे पण नारळ देऊया, तू द्यायचास. पौर्णिमा नसली तरी चालेल, आजीला विचारलंय मी.

मी पौर्णिमेच्या आधी पोचतेय. आजी नारळीभात करणार आहे, तिला खोबरं खवून दे. नारळ आपण दोघी मिळून आणू, शेंडी असलेला बघून ठेव. आणि समुद्र अजून खवळलेलाच असेल, तुला पोहता येतं म्हणून पुढे जायचं नाही, बाबांचा हात धरूनच उभी राहा.

तुझी आई