"मी तुझ्या पोटातनंच आलो ना?"

आई अविवाहित, कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारी, पतसंस्थेत नोकरीला. मुलगी 9 महिन्यांची असताना रीतसर दत्तक घेतलेली, आता 7 वर्षांची. घरात तिसरं माणूस म्हणजे आज्जी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता घरी आला, तेव्हा बाबांच्या चौकटीत काय लिहायचं हे पोरीला कळेना. आज्जी मायेपोटी बोलून गेल्या, "तुझं बाबा दुबईला असत्यात." पोरीनं वर्गात तेच सांगितलं आणि बाबा दिवाळीला येणार का, हे रोज विचारायला लागली.

आईची काळजी बहुतेक दत्तक पालकांची असते तीच: "खरं सांगितलं तर ती मला परकी समजेल का?"

मूल दुरावतं ते बहुधा उशिरा कळल्यामुळे, त्यातही तिऱ्हाइताकडून कळल्यामुळे. चौथ्या वर्षी मूल 'मी दत्तक आहे' हे आनंदानं सांगत फिरतं, कारण त्याचा अर्थ त्याला उमगलेला नसतो. सहा ते आठच्या दरम्यान त्याच्या लक्षात येतं की, या घरी येण्याआधी कुणीतरी आपल्याला सोडलं होतं. म्हणून या वयात सांगितल्यावर मूल रडतं, चिडतं, आईला चिकटून राहतं. ते दुःख खरं आहे. सांगण्यात चूक झाली असा त्याचा अर्थ नाही.

सांगायची वेळ सुट्टीच्या दिवशी सकाळची ठरवली. झोपताना नको, कारण प्रश्न अर्धवट राहतात. वाक्यं आधीच बसवून घेतली: "तू दुसऱ्या एका बाईच्या पोटी जन्मलीस. तिला बाळ सांभाळणं शक्य नव्हतं. त्यात तुझं काहीच चुकलं नव्हतं. मग मी तुझी आई झाले, कायमची. आपल्या घरात बाबा नाहीत, आपण तिघी आहोत." दुबईचं आज्जींनी स्वतः दुरुस्त करायचं, हेही ठरलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मी तुझ्या पोटातनंच आलो ना?" आईनं तेच पुन्हा सांगितलं. असं अनेकदा सांगावं लागतं, एका बैठकीत हे संपत नाही.

"तिचं तुझ्यावर फार प्रेम होतं, म्हणून तिनं तुला दिलं" हे वाक्य मात्र टाळा. ऐकायला गोड आहे, पण मूल त्यातून शिकतं की प्रेम करणारी माणसं सोडून जातात. मग आईला ऑफिसातून यायला उशीर झाला तरी घाबरतं. जन्मदात्रीबद्दल कल्पनेनं काही जोडू नका. बालक अभ्यास अहवालात (दत्तक संस्थेनं मुलाबद्दल दिलेल्या माहितीत) आहे तेवढंच, वयाला झेपेल तसं सांगा; बाकीच्याला "मला माहीत नाही" हे उत्तर पुरतं.

वर्गशिक्षिकांना भेटून वंशवृक्षाऐवजी 'माझ्या घरातली माणसं' हा तक्ता मागून घेतला. मधल्या सुट्टीत कुणी विचारलं तर "ते आमच्या घरचं आहे" एवढं म्हणून खेळायला निघून जायचं, याचा घरी सराव केला. झोप, जेवण किंवा शाळा 3-4 आठवड्यांनंतरही बिघडलेलीच राहिली, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

कागद जपून ठेवा: दत्तक आदेश, अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल, संस्थेतला फोटो असल्यास तोही. 18 पूर्ण झाल्यावर मुलगी मूळ शोधासाठी, म्हणजे आपल्या जन्माची माहिती मिळवण्यासाठी, स्वतः अर्ज करू शकते. त्याआधी करायचा तर पालकांसोबत. तेव्हा हे कागद उपयोगी पडतील.