सदाफुलीला साचलेल्या पाण्याचं वावडं

प्रश्न (राजारामपुरी): वाफ्यात गुलाबी सदाफुलीची दहा रोपं लावली. उन्हाळाभर बहरली, पण जुलैत एकेकानं मान टाकली. पाणी दिलं, खत दिलं, उपयोग नाही.

उत्तर: पाणी दिलंत तिथंच चुकलं. रोप सुकलेलं दिसलं की हात झारीकडं जातो, पण हे सुकणं तहानेचं नव्हे. मरायला टेकलेलं एक रोप उपटून बघा. जमिनीलगतचं खोड काळपट झालेलं असेल. मूळ चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येईल आणि आत नुसता दोरा उरेल. ही मूळकूज. फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव ओल्या मातीत पसरतो आणि आपली काळी माती, एकदा झड लागली की, चार-चार दिवस ओल सोडत नाही. सदाफुली मूळची मादागास्करची. रेताड जमिनीतही मजेत राहणारी. तिला हा चिखल कसा मानवणार? पहिल्या वर्षी माझीही निम्मी रोपं अशीच गेली आणि मी दोष रोपवाटिकेला देत बसलो होतो.

वाफा वीतभर उंच करा. दोन भाग माती, एक भाग मुरूम, एक भाग कुजलेलं शेणखत. चार मुठी वाळू टाकून भागत नाही, काळ्या मातीत ती उलट घट्ट बसते. गेलेली रोपं मुळासकट काढून कचऱ्यात द्या, खतखड्ड्यात नकोत. नवी लागवड गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की, आणि शक्यतो दुसऱ्या जागी.

प्रश्न (कसबा बावडा): झाड कमरेएवढं झालंय, पानं हिरवीगार, फुलं मात्र दोन-चार.

उत्तर: ऊन किती तास मिळतं ते लिहिलं नाहीत. सहा तास तरी हवं. युरिया घालत असाल तर थांबवा. दिवाळीनंतर शेंडे एक तृतीयांश छाटा, फुटवे येतील.

प्रश्न (फुलेवाडी): गडद गुलाबी फुलाचं बी धरलं, निम्मी रोपं पांढरी कशी निघाली?

उत्तर: संकरित वाणाचं बी आईवर जाईलच असं नाही. तोच रंग हवा तर कोवळ्या शेंड्याचं कलम लावा. बी लावायचंच असेल तर शेंग पिवळसर होताच काढा. तडकली की काळं बी मातीत सांडलंच म्हणून समजा. पेरल्यावर मातीनं नीट झाका, ते अंधारात रुजतं.

प्रश्न (उचगाव): साखरेसाठी रोज पाच पानं चावायला शेजारच्या काकूंनी सांगितलंय. खाऊ का?

उत्तर: नको. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कर्करोगावरची औषधं याच झाडातून निघतात, तीही डॉक्टर मोजूनमापून देतात. झाड विषारी आहे. साखरेचं डॉक्टरांना विचारा, काकूंना फुलं द्या.