अल्पायुषी ठरलेला 'साउंड ट्रिपिन'

भारतीय संगीतव्यवसायाची ओळख करून देणारा, पण फार काळ न चाललेला कोणता दूरचित्रवाणी कार्यक्रम आज मुद्दाम शोधून पाहावा, असे आपण विचारले आहे. मी 'साउंड ट्रिपिन'चे नाव घेईन. एमटीव्ही इंडियावर तो २०१२ साली आला आणि त्याची सूत्रे मूळच्या इंदूरच्या संगीतकार स्नेहा खानवलकर यांच्याकडे होती. 'गँग्ज ऑफ वासेपूर'चे त्यांचे संगीत गाजले तेही त्याच वर्षी.

प्रत्येक भागात एखाद्या ठिकाणी जायचे, तिथले आवाज मुद्रित करायचे, तिथल्या माणसांना गाते करायचे आणि त्या ऐवजातून एक गाणे उभे करायचे, अशी कार्यक्रमाची रीत होती. धारावीच्या भागात भंगाराच्या धंद्यातले आवाज आणि वस्तीतल्या मुलांचे रॅप एकत्र आले. ग्रामीण खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या पंजाबातील किला रायपूरच्या भागात ज्योती आणि सुलताना या नूरां भगिनींनी गायलेले 'टुंग टुंग' मात्र अवश्य ऐकावे. वरच्या पट्टीतला, मोकळ्या गळ्याचा तो सूफी आवाज संगणकावर कापून जोडलेल्या तालावर स्वार होतो, आणि त्याचा खरखरीतपणा घासूनपुसून काढण्याचा मोह संगीतकाराला झालेला नाही, हे विशेष.

चित्रपटसंगीतात गायकाला बहुधा तयार ट्रॅकवर आवाज डब करण्यासाठी बोलावले जाते. एकच गाणे दोघातिघांकडून गाऊन घेऊन त्यांतला एक आवाज ठेवण्याची पद्धतही रूढ आहे (ज्याचा आवाज वगळला जातो, त्याला ते कित्येकदा गाणे प्रदर्शित झाल्यावरच कळते). 'साउंड ट्रिपिन'मध्ये गाणारा आधी भेटतो आणि गाणे त्याच्याभोवती रचले जाते.

मग हा कार्यक्रम का टिकला नाही? माझ्या मते हिशेब साधा आहे. चित्रपटगीतांच्या तयार चित्रफिती हाताशी असताना एका गाण्यासाठी सगळा ताफा घेऊन गावोगाव फिरणे कोणत्याही वाहिनीला महागच पडणार. गंमत म्हणजे पुढे नूरां भगिनी 'हायवे'मध्ये रहमान यांच्यासाठी 'पटाखा गुड्डी' गायल्या, आणि 'टुंग टुंग'ही २०१५ साली 'सिंग इज ब्लिंग'मध्ये नव्या रूपात अवतरले. ही दुसरी आवृत्ती नाचासाठी बेतलेली असल्यामुळे तिथे ठेका पुढे येतो आणि गळा मागे सरतो, म्हणून आपण आधी मूळचे गाणे ऐकावे.