बास्क किनारा: मुक्काम एका गावी, दिवस ओहोटीवर

स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क किनाऱ्याचा तुमचा बेत असा दिसतोय: सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, पाच दिवस, तुम्ही दोघं आणि सासूबाई. तुम्ही पक्के मासेखाऊ, त्या शाकाहारी पण अंडं चालणाऱ्या. आणि सान सेबास्तियान, गेतारिया, सुमाया, लेकेतियो, बिल्बाओ अशी रोज नवी खोली. खाण्यापिण्याचं नंतर सांगतो, आधी ती खोल्यांची यादी फाडून टाका. ही गावं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की रोज बॅगा ओढण्यात निम्मा दिवस फुकट जाईल.

मुक्काम साराउत्सला करा. सान सेबास्तियानचा चित्रपट महोत्सव नेमका त्याच सुमाराला असतो, त्यामुळे शहरात खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर भाव ऐकून घेरी येते. साराउत्सला अडीच किलोमीटरची पुळण आहे, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरची सगळ्यांत लांब. तिला लागून सपाट फरसबंदी रस्ता आणि जागोजागी बाकं आहेत, म्हणजे सासूबाईंची संध्याकाळची फेरी आरामात होईल. शिवाय एउस्कोत्रेनची छोटी गाडी गावातूनच जाते: एका बाजूला सान सेबास्तियान, दुसऱ्या बाजूला सुमाया आणि देबा. मुगी हे प्रवासाचं कार्ड घ्या, सुट्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पाट्यांवर सान सेबास्तियानच्या जागी दोनोस्तिया लिहिलेलं असेल, गोंधळू नका.

आता दिवस कसे आखायचे. तिथे दोन वेळापत्रकं पाळावी लागतात, एक ओहोटीचं आणि दुसरं स्वयंपाकघराचं. प्रेक्षणीय स्थळांची यादी या दोन्हींनंतर.

ओहोटीचं महत्त्व सुमायाला गेल्यावर कळतं. इत्सुरुन पुळणीच्या कडेला समुद्रात घुसलेले खडकाचे थर आहेत, पापडांची चळत कुणी कुशीवर उभी करून ठेवावी तसे. टणक चुनखडीचा एक थर, मग ठिसूळ मातकट थर, मग पुन्हा चुनखडी. लाटांनी ठिसूळ भाग खाऊन टाकला आणि टणक थरांच्या बरगड्या तेवढ्या उरल्या. भरतीला यातलं निम्मं पाण्याखाली असतं, कड्याखालून चालता येत नाही आणि अडकून पडण्याचीही भीती. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तेव्हा ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोचा आणि पाणी चढायला लागलं की वर या. वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून तक्ता तुमच्या तारखांचाच बघा.

या थरांत डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, एका पातळ काळपट पट्टीत दिसतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ, तो लाव्हा, त्याच सुमाराला ओतला जात होता. रायगड-राजगड चढलेल्या माणसाने त्या पट्टीपाशी दोन मिनिटं जास्त थांबायला हरकत नाही, पण ती आपली आपण ओळखता येत नाही. तिथल्या जिओपार्कची (खडकांसाठी जपलेल्या या परिसराची) मार्गदर्शकासह फेरी असते, होडीतूनही असते, ती घ्या. सासूबाईंना खडकांवर नेऊ नका, शेवाळ भयंकर निसरडं असतं. वर सान तेल्मोच्या छोट्या देवळाजवळून त्यांना सगळा देखावा दिसेल.

दुसरं वेळापत्रक जेवणाचं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन. त्यानंतर स्वयंपाकघर बंद ते थेट रात्री साडेआठ-नऊला उघडतं. पाच वाजता भूक लागली तर बारच्या काउंटरवर मांडलेलं असेल ते खायचं. सासूबाईंना सातला जेवायची सवय असेल तर त्यांचं मुख्य जेवण दुपारचंच ठेवा आणि संध्याकाळी पिंचोवर (बारमधल्या छोट्या छोट्या पदार्थांवर) भागवा. आठवड्यातल्या दुपारी ‘मेनू देल दीया’ मागा: दोन पदार्थ, गोड, पाव आणि वाइन किंवा पाणी एका ठरलेल्या दरात.

तुमच्या दोघांची खरी मेजवानी गेतारियात. साराउत्सहून समुद्राला खेटून चार किलोमीटरची सपाट पायवाट जाते, ती चालतच जा. सासूबाईंसाठी बस आहे (रेल्वे गेतारियाला जात नाही). बंदराकडच्या गल्ल्यांमध्ये हॉटेलांच्या दाराबाहेर कोळशाच्या शेगड्या असतात. रोदाबाय्यो म्हणजे टर्बट, ताटाएवढा चपटा मासा, अख्खाच्या अख्खा तारेच्या जाळीत बंद करून निखाऱ्यावर ठेवतात. मसाला काही नाही. मीठ आणि वरून तेल-व्हिनेगरचा शिडकावा, बस्स. टेबलावर आणून वाढपी तो उघडतो. पांढरं मांस तर छानच, पण परांच्या कडेचा चिकट, जवळजवळ डिंकासारखा भाग हाताने चोखून खायचा, आणि गालाचा तुकडा कुणाला द्यायचा यावर भांडायचं. काट्या-चमच्याने खात बसलात तर उत्तम भाग ताटात राहील. भाव किलोवर असतो, म्हणून शेगडीवर जाण्याआधी वजन विचारा. यात लाजायचं काही नाही, तिथले लोकही विचारतात.

सोबत चाकोली. गावामागच्या उतारांवरच्याच द्राक्षांची, हलकी आंबट पांढरी वाइन. बारवाला हात उंच करून रुंद ग्लासात दोन बोटं ओततो. ती लगेच प्यायची, गप्पा मारत धरून बसायची नाही.

जेवल्यावर बालेन्सियागा संग्रहालय बघा. फॅशनमधला हा मोठा माणूस १८९५ मध्ये याच कोळ्यांच्या गावात जन्मला, आई शिवणकाम करायची. सासूबाईंना शिवणाची आवड असेल तर तिथून लवकर निघणार नाहीत. १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून जहाज परत आणणारा एल्कानोही गेतारियाचाच.

आता शाकाहार. ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर ट्यूना घातलेली कोशिंबीर समोर येऊ शकते, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं तिन्ही सांगा. तोर्तिया (बटाट्याचं जाड ऑम्लेट), खडं मीठ भुरभुरवलेल्या तळलेल्या गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या, आणि अंड्याच्या बलकासोबत परतलेल्या रानमशरूम, यावर त्यांचं छान चालेल. सप्टेंबरअखेर मशरूमचा हंगाम सुरू होतो. तोलोसाच्या काळ्या घेवड्यापासून मात्र सावध, त्यात बहुतेक वेळा सॉसेज असतं. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: इदियासाबाल चीझ कोकराच्या रेनेटने (पोटातून काढलेल्या विरजणाने) विरजतात. त्यांना ते चालतं का, आधीच विचारून ठेवा.

सान सेबास्तियानला एक अख्खी संध्याकाळ द्या. जुन्या गावात एका बारमध्ये बसून पोट भरायचं नसतं. एक-दोन पिंचो खायचे, ग्लास संपवायचा, पुढच्या दारात. काउंटरवरच्या थंड पदार्थांवर तुटून पडू नका, फळ्यावर लिहिलेले गरम पदार्थ मागवा, ते ताजे करून देतात. ‘हिल्दा’ मात्र थंडच: काडीवर ऑलिव्ह, लोणच्यातली मिरची आणि अँचोव्ही (खारवलेला छोटा मासा). सासूबाईंना तेव्हा वरून करपवलेला चीझकेक द्या.

लेकेतियो गाडी भाड्याने घेणार असाल तरच. ओहोटीला समोरच्या बेटावर चालत जाता येतं. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या. गास्तेलुगाचे या समुद्रातल्या खडकावरच्या देवळाला २४१ पायऱ्या आहेत आणि तिथपर्यंतची उतरणही खडी, सासूबाईंसाठी वरूनच दर्शन. तुम्ही दोघं उतरणार असाल तर मोफत प्रवेशाचं आरक्षण आधी बघा. बिल्बाओ शेवटच्या दिवशी, विमान तिथून असेल तर. पाऊस लागला तर असपेइतियाजवळचं लोयोला बघा, साराउत्सहून बस आहे. गोव्याच्या बॉम जेझूत ज्यांचं शव आहे त्या फ्रान्सिस झेवियरचे सहकारी, जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस तिथले.

फ्रान्सच्या बाजूला डोकवायचं असेल तर व्हिसा तोच चालतो. छत्रीऐवजी रेनकोट न्या, तिथली झिमझिम वाऱ्यासोबत आडवी येते. गेतारियाचं टेबल मात्र निघण्याआधीच राखून ठेवा, दुपारी दीडचं. सोमवार टाळा, अनेक ठिकाणी सुट्टी असते.