हार्डनरमुळे दमा होऊ शकतो का?

प्रश्न : दोन वर्षं टू-पॅक पीयू पेंटचं (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलीयुरेथेन रंगाचं) स्प्रेचं काम करतो. कधी काही झालं नाही. गेले तीन महिने मात्र रात्री खोकला येतो, छाती आवळल्यासारखी होते. सुट्टीत बरं वाटतं. अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. बूथमध्ये (स्प्रे करायच्या बंद खोलीत) फारसा वासही नसतो. तरी हार्डनरचा दोष असू शकतो का?

उत्तर : हो, आणि पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, रंगात बहुधा एचडीआय जातीचं. कामातून होणाऱ्या दम्याचं हे नेहमीचं कारण. दोन वर्षं निभावलं म्हणून ते सुटत नाही. शरीर बिथरायला, म्हणजे त्या रसायनाला अ‍ॅलर्जीसारखी प्रतिक्रिया द्यायला लागायला, काही आठवडे लागतात, कधी काही वर्षं. एकदा बिथरलं की मग अगदी थोडंसंही पुरतं. त्रास संपर्कानंतर चार-आठ तासांनीही उठतो, म्हणून तो रात्री जाणवतो आणि दोष घरातल्या धुळीला मिळतो.

रक्ततपासणीवर विसंबू नका. या दम्याच्या बहुतेक रुग्णांत आयजीई (ती तपासणी शोधते ते अ‍ॅलर्जीचं प्रतिपिंड) सापडतच नाही. खरा उपयोग पीक फ्लो मीटरचा (फुंकरीचा जोर मोजणाऱ्या छोट्या उपकरणाचा). उठल्यापासून झोपेपर्यंत किमान चार वेळा, दर वेळी तीनदा फुंका आणि सर्वांत मोठा आकडा वेळेसह तिथल्या तिथे लिहा. रात्री आठवून भरलेली वही डॉक्टरांच्या कामाची नाही. नोंद चार आठवडे हवी, त्यात सुट्टीचेही दिवस, जमल्यास सलग आठवडाभर. सोबत हार्डनरची सेफ्टी डेटा शीट (घटक आणि धोके सांगणारं उत्पादकाचं पत्रक) न्या. घटक तिसऱ्या विभागात असतात.

वासाचं म्हणाल, तर येतो तो बहुतेक थिनरचा. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत हवेतली सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यामुळे मास्कचं कार्ट्रिज (हवा गाळणारी डबी) संपल्याचंही नाकाला कळत नाही. स्प्रे करताना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. आणि तो घालूनही एक चूक हमखास होते : गन थांबली की लगेच मास्कची काच वर करून फिनिश बघायचं. न दिसणारे तुषार तेव्हा हवेतच असतात. बूथ धुरानं भरून, पंखा चालू करून, तो पूर्ण निवळायला किती मिनिटं लागतात ते मोजा. तेवढा वेळ काच खालीच. हार्डनर मिसळताना आणि गन धुताना नायट्राइलचे हातमोजे घाला, कारण कातडीवाटेही शरीर बिथरू शकतं.

निदान पक्कं झालं, तर पंप ओढत तेच काम रेटू नका. संपर्क जितका लवकर तुटेल तितकी फुप्फुसं सावरण्याची शक्यता जास्त. दम लागून बोलणं तुटत असेल, तर वही भरत बसू नका, थेट इस्पितळ गाठा.