नर्सिंग होमसाठी जागा बघताय? आधी जिना मोजा

डॉक्टर, नर्सिंग होमची जागा घेण्याआधी आगीपासूनच्या सुरक्षेचं विचारलंत, फार बरं केलंत. बरेच जण इंटिरियर झाल्यावर फायर एनओसीच्या (अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्याच्या) मागे लागतात आणि मग नवी पार्टिशनं तोडावी लागतात.

सध्या एकच प्रश्न धरून ठेवा: स्वतःहून उठू न शकणारा पेशंट रात्री तीन वाजता, लिफ्ट बंद असताना, बाहेर कसा निघेल? राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ रुग्णालयाला किमान २ मीटर रुंद जिना मागते. राहत्या इमारतीतले बहुतेक फ्लॅट इथेच बाद होतात. वळणावर स्ट्रेचर फिरतं का, तेही प्रत्यक्ष बघा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- सुटकेसाठीच्या दुसऱ्या जिन्यात सलाइनचे खोके, दाराला कुलूप.
- मंजूर वीजभार न वाढवता एसी, वॉर्मर (बाळांना ऊब देणारं यंत्र) जोडत जाणं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. वायरिंगवर पैसे वाचवू नकाच.
- रात्रपाळीच्या सिस्टरना ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे बंद होतो हे माहीत नसणं.

फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडूनच घ्या. स्प्रिंकलर, हायड्रंट वगैरे आग विझवायची पाण्याची यंत्रणा नकाशा तयार झाल्यावर बघू. जागेचा साधा आराखडा पाठवा, मी नक्की बघतो.